हक्कसोडपत्र, आंब्याच्या पट्ट्या आणि नेवार्कचं कोर्ट

अमेरिकेच्या इमिग्रेशन कोर्टात माझ्या धाकट्या भावाची केस चालली आणि तिचे निम्मे पुरावे रत्नागिरी तालुक्यातून गेले. साक्षीदारांपैकी एक मी होते. त्याला देशाबाहेर काढण्याची नोटीस आली, तेव्हा हे प्रकरण कसं चालतं आणि घरच्यांनी काय करायचं असतं, हे आपल्या भाषेत सांगणारं आम्हाला कुणी भेटलं नाही. म्हणून जे पाहिलं आणि जे केलं ते तपशिलानं लिहिते आहे.

आमचं गाव पावस आणि पूर्णगडच्या मधलं. वडिलांनी कातळात सुरुंग लावून खड्डे काढले, बाहेरून माती आणून भरली आणि हापूसची कलमं लावली. त्या बागेच्या जिवावर पुढे भावानं आंब्याचं कॅनिंग सुरू केलं. त्याला अमेरिकेत खाद्यपदार्थांचं युनिट काढायचं होतं आणि त्यासाठी त्यानं ईबी-५ चा रस्ता धरला. हा गुंतवणूकदारांचा व्हिसा अमेरिकेच्या १९९० च्या कायद्यानं सुरू झाला. वर्षाला साधारण १०,००० दिले जातात. २०१६ मध्ये त्यानं अर्ज केला तेव्हा ग्रामीण किंवा बेरोजगारी जास्त असलेल्या भागात ५ लाख डॉलर आणि इतरत्र १० लाख डॉलर गुंतवावे लागत. २०२२ च्या कायद्यानं ते आकडे ८ लाख आणि साडेदहा लाख झाले.

पैसे भरले की ग्रीन कार्ड, असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. तसं अजिबात नाही. पैसा धंद्यात खरोखर घालावा लागतो, तो बुडण्याची जोखीम घ्यावी लागते, तो कायदेशीर मार्गानं मिळवल्याचं रुपयारुपयानं दाखवावं लागतं आणि दहा माणसांना पूर्ण वेळ काम द्यावं लागतं. पूर्ण वेळ म्हणजे आठवड्याला किमान ३५ तास. त्या दहांत स्वतः, बायको, मुलं धरत नाहीत. माझी भावजय त्या युनिटमध्ये पहाटेपासून उभी असायची, पण हिशेबात तिचं नाव नव्हतं. एवढं सगळं केल्यावर जे कार्ड मिळतं ते दोन वर्षांचं, सशर्त. ती दोन वर्षं संपण्याआधीच्या ९० दिवसांत आय-८२९ नावाचा अर्ज करून अटी काढून घ्यायच्या असतात.

भाऊ, भावजय आणि भाची २०१८ च्या अखेरीस मुंबईच्या वकिलातीतून व्हिसा घेऊन न्यू जर्सीला गेले. युनिट चाललं. गोठवलेल्या पोळ्या, पराठे, सारणं. गिऱ्हाइकं म्हणजे हॉटेलं आणि शाळांची उपाहारगृहं. मार्च २०२० मध्ये दोन्ही एकाच आठवड्यात बंद झाली. अकरा पूर्णवेळ माणसं होती, ती निम्म्यावर आली. आय-८२९ नेमका त्याच वर्षी भरायचा होता. भरला. पुढच्या वर्षी माणसं परत घेतली, दहाच्या वर गेली, पण अर्ज तसाच पडून राहिला. कार्डाची मुदत पत्रं पाठवून वाढवली जात होती. २०२३ संपता संपता तिथल्या इमिग्रेशन खात्याचं नकारपत्र आलं. कारणं दोन. ठरलेल्या काळात दहा नोकऱ्या दिसत नाहीत, हे एक. गुंतवणुकीतला अर्धा पैसा पत्नीच्या नावानं आला आणि तिचं तर काही उत्पन्न दिसत नाही, हे दुसरं. काही महिन्यांनी मागोमाग आय-८६२, म्हणजे कोर्टात हजर राहण्याची नोटीस.

भावानं तिचा फोटो मला पाठवला आणि खाली लिहिलं, "ताई, आईला इतक्यात सांगू नको."

त्या दिवसांत मला झोप लागत नव्हती. पुढे ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेच्या लष्करी विमानानं १०४ भारतीयांना अमृतसरला आणून सोडलं. हातापायात बेड्या घातलेल्या माणसांच्या बातम्या घरोघरी पाहिल्या गेल्या आणि गावात कुजबुज सुरू झाली. ती माणसं कागदांशिवाय सीमा ओलांडल्याच्या प्रकरणातली होती; माझा भाऊ व्हिसा घेऊन विमानतळावरून गेलेला, कर भरणारा, माणसांना पगार देणारा. पण घाबरलेल्या घराला हा फरक दिसत नाही. एक नातेवाईक कळकळीनं म्हणाले, "त्याला म्हणावं, अब्रूनं परत ये, काढण्याची वाट कशाला बघतोस?" त्यांचा हेतू चांगला होता. सल्ला मात्र फार महाग पडला असता. कारवाई सुरू असताना तसाच निघून गेला असता तर तो तारखेला गैरहजर ठरला असता आणि पाठीमागे काढण्याचा हुकूम झाला असता. असा हुकूम झाला की पुढची दहा वर्षं त्या देशाचे दरवाजे बंद होतात. त्याच्यामागे भावजयीचं आणि कॉलेजात शिकणाऱ्या भाचीचंही कार्ड गेलं असतं, कारण दोघींचा दर्जा त्याच्यावरच उभा होता.

या कोर्टात सरकार वकील देत नाही. माणसाला स्वतःच्या खर्चानं वकील करावा लागतो, आणि वकील नसेल तर स्वतःच उभं राहावं लागतं. भावानं केलेल्या वकीलबाई गुंतवणूकदारांचीच प्रकरणं चालवणाऱ्या होत्या. पहिल्या कॉलवर त्यांनी मलाही घेतलं. त्या म्हणाल्या, ही नोटीस म्हणजे सरकारचा आरोप आहे, हुकूम नाही. न्यायाधीशांचा निकाल आणि त्यावरचं अपील संपून अंतिम हुकूम होत नाही तोवर तुमचा भाऊ कायदेशीर रहिवासी आहे. त्याला काम करता येतं, आणि तसा शिक्का पासपोर्टवर मागण्याचा त्याला हक्क आहे. हे ऐकून भावजय पहिल्यांदा रडली. इतके दिवस ती दारावरची बेल वाजली तरी दचकत होती.

पुढे त्यांनी जे सांगितलं त्यावर आमची केस उभी राहिली. तिथल्या इमिग्रेशन कायद्यात २१६-अ हे कलम आहे. गुंतवणूकदाराचा सशर्त दर्जा खात्यानं काढला, तर त्याला या कारवाईत न्यायाधीशांकडून त्या निर्णयाची फेरतपासणी मागता येते. आणि अर्जातली माहिती खरी नाही हे दाखवण्याचा भार सरकारवर असतो. पारडं सरकारच्या बाजूनं थोडं तरी झुकलं पाहिजे. नाही झुकलं तर गुंतवणूकदार जिंकतो. आय-८२९ वेळेत भरलाच नसेल तर मात्र भार उलटा, गुंतवणूकदारावर येतो. म्हणजे २०२० च्या त्या भयंकर वर्षात, धंदा बुडताना, भावानं तारीख न चुकवता तो अर्ज भरला, यानंच त्याला तारलं होतं. कुणाच्या घरी हा अर्ज भरायचा असेल तर धंद्याची अवस्था कशीही असो, तारीख चुकवू नका, हे मी हात जोडून सांगते.

सगळं मोकळं नव्हतं. कायम रहिवाशाला काढण्यापासून सूट मागण्याचा आणखी एक रस्ता असतो; त्याला पाच वर्षांचं कार्ड आणि सात वर्षांचा सलग वास लागतो. भावाची सात वर्षं भरायच्या आत नोटीस बजावली गेली आणि कायद्याच्या दृष्टीनं मोजणी तिथंच थांबली. म्हणजे लढायचं ते आय-८२९ वरच.

पहिली तारीख पडद्यावर झाली, वेबेक्स या व्हिडिओ कॉलवर, काही मिनिटांची. आरोप वाचले, वकीलबाईंनी मुख्य आरोप नाकारला आणि फेरतपासणी मागितली. सविस्तर सुनावणीची तारीख पुढच्या वर्षीची मिळाली. त्या कोर्टांत तीस लाखांहून अधिक प्रकरणं पडून आहेत, तेव्हा एवढी लवकर मिळाली हेच पुष्कळ, असं त्या म्हणाल्या. आणि मग माझ्याकडे वळून, "न्यायाधीश सगळं नव्यानं पाहतील. पैशाचा उगम तुमच्याकडे आहे. जमिनीपासून बँकेपर्यंत एकही कडी सुटता कामा नये."

पैसा तीन ठिकाणांहून आला होता. बागेचा मोठा भाग विकून, कॅनिंग युनिट विकून आणि काही ठेवी मोडून. युनिटची कागदपत्रं सोपी, बिलं आणि विवरणपत्रं होतीच. बाग अवघड.

आज सात-बारा काढला तर त्यावर खरेदीदाराचं नाव. आम्हाला विक्रीपूर्वीचा हवा, त्याआधी भावाच्या एकट्याच्या नावाचा फेरफार, त्याआधी वडील गेल्यावर आई, मी आणि भाऊ अशी तिघांची वारसनोंद, त्याआधी वडिलांच्या नावाचा उतारा. त्यासाठी तलाठी कार्यालय, तहसीलमधली रेकॉर्ड रूम, दुय्यम निबंधकांकडून खरेदीखताची प्रमाणित नक्कल आणि सूची क्रमांक २, म्हणजे त्या नोंदणीचा गोषवारा. रेकॉर्ड रूममधल्या एका कर्मचाऱ्यानं जेवणाची सुट्टी सोडून जुना फेरफार शोधून दिला. त्याचे उपकार विसरणार नाही. नकला घेऊन मी कोकणकन्येनं मुंबईला गेले, मंत्रालयातून साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचं ॲपॉस्टील. भारत २००५ पासून ॲपॉस्टीलच्या करारात आहे, त्यामुळे तो शिक्का तिथल्या कोर्टात चालतो. प्रत्येक मराठी कागदाबरोबर इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचं सही केलेलं प्रमाणपत्र लागतं. हे काम कितीही ओळखीच्या माणसानं केलं तरी तपासून घ्यावं. गट नंबरातला एक आकडा चुकला तरी साखळी तुटते.

वकीलबाईंचा सगळ्यात मोठा प्रश्न वेगळाच निघाला. बागेच्या विक्रीची दीड कोटीच्या आसपास रक्कम खात्यात आली, मग त्या वर्षीच्या विवरणपत्रात त्यावर कर का नाही? अमेरिकन डोळ्यांना हे संशयास्पद दिसतं. विक्रीच्या वेळी लागू असलेल्या आपल्या १९६१ च्या आयकर कायद्यात, कलम २(१४) नुसार शहराच्या हद्दीपासून ठरलेल्या अंतराबाहेरची शेतजमीन भांडवली मालमत्ता धरली जात नव्हती, म्हणून नफ्यावर कर बसत नव्हता. शेतीचं उत्पन्नही कलम १०(१) नं करमुक्त होतं. आमच्या सीएंनी दोन्ही कलमं जोडून सविस्तर पत्र दिलं. आणखी एक गोष्ट कामी आली. विक्रीच्या वेळी खरेदीदार काही रक्कम रोख द्यायला तयार होता, आणि भाऊ अडून बसला होता की एक रुपयाही रोख घेणार नाही. तेव्हा गावानं त्याला खुळा म्हटलं. बँकेच्या उताऱ्यात पूर्ण रक्कम खरेदीखताशी जुळली, कारण तो अडून बसला होता.

पण ठेवी कशातून साठल्या? करमुक्त उत्पन्नाचा कागद कुठला दाखवायचा? इथं आईला सांगणं भागच पडलं. आंबा वाशीच्या बाजारात गेला की दलालाची पट्टी येते: पेट्या किती, भाव काय, हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाऊन हातात काय. आईनं वडिलांच्या काळापासूनच्या पट्ट्या तारेत ओवून ठेवल्या होत्या, हंगामाप्रमाणे. मी सगळं सांगितल्यावर ती गप्प राहिली, मग म्हणाली, "मला न सांगता कसं चाललं असतं? कागद तर माझ्याकडे आहेत." आणि माळ्यावरून ट्रंक उतरवायला लावली. काही पट्ट्यांना कसर लागली होती, शाई फिकी झाली होती, पण वर्षं सलग होती. तिला वाचता थोडंसंच येतं. त्या तारांच्या आधारानं आम्ही अनेक वर्षांचं बागेचं उत्पन्न तक्त्यात मांडू शकलो.

भावजयीच्या नावाचा अर्धा पैसा, हा संशय खरं तर पहिल्याच फाइलीत मिटायला हवा होता. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत एका माणसाला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरच बाहेर पाठवता येतात. म्हणून भावानं अर्धी रक्कम पत्नीला बक्षीस दिली आणि दोघांनी अडीच-अडीच लाख पाठवले. सगळं बँकेतून, परदेशी पैसे पाठवण्याचा ए-२ फॉर्म आणि सीएचा १५ सीबी हा कराचा दाखला यांसह. ज्या सल्लागारानं तेव्हा अर्ज तयार केला, त्यानं हा नियम कुठे समजावलाच नव्हता, आणि वडिलांनंतर बागेतला आमचा हिस्सा भावाला सोडून देणारं माझं व आईचं हक्कसोडपत्रही जोडलं नव्हतं. एवढे पैसे घेणाऱ्या माणसानं असं काम करावं याचा मला आजही राग आहे.

तिकडे नोकऱ्यांचा पुरावा भाऊ आणि वकीलबाई गोळा करत होते. पगारावरच्या कराचे दर तिमाहीचे फॉर्म ९४१, कामगारांच्या वर्षाच्या पगाराचे डब्ल्यू-२, त्यांना काम करण्याचा हक्क असल्याचे आय-९, हजेरीचे तास. २०२० मध्ये पगार चालू ठेवण्यासाठी सरकारनं पीपीपी नावाचं कर्ज दिलं होतं. ते माफ करताना कामगारांची संख्या आणि पगार सरकारलाच कळवलेले असतात, तेही कागद लावले. वकीलबाईंचा युक्तिवाद साधा होता. नियमात नोकऱ्या निर्माण झाल्या असाव्यात किंवा वाजवी काळात होतील अशी अपेक्षा असावी, असं म्हटलं आहे. महामारीत थांबलेलं युनिट वर्षभरात पुन्हा दहाच्या वर गेलं, तर अपेक्षा खरी ठरली ना?

माझी साक्ष जून २०२५ मध्ये झाली. न्यायाधीशांनी मला पडद्यावरून साक्ष द्यायला परवानगी दिली होती. गावात पावसात वीज कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून रत्नागिरीत एका ओळखीच्या वकिलांच्या कार्यालयात बसले. न्यू जर्सीतल्या नेवार्कच्या कोर्टात सकाळचे साडेआठ, इथं संध्याकाळचे सहा. शपथ झाली. दुभाषी फोनवर होते.

सरकारी वकील तरुण होते, बोलणं सौम्य. त्यांचा रोख हक्कसोडपत्रावर होता. माझ्या हिश्शाची किंमत मला ठाऊक होती का? होती. मग मोबदला काय घेतला? काही नाही. कागदाबाहेर काही मिळालं? नाही. मग का सोडला?

मी म्हटलं, त्याच बागेच्या पैशावर वडिलांनी मला डी.एड. केलं. मला शाळेत नोकरी होती, पगार होता. भाऊ आईवडिलांजवळ राहिला, वडिलांच्या लांबलेल्या आजारपणात त्यानंच सगळं उचललं. बाग तुकड्यांत वाटली असती तर कुणालाच राखता आली नसती. मला कुणी भरीस घातलं नाही. दुय्यम निबंधकांनी विचारलं तेव्हा हेच सांगून मी सही केली.

"पुढे त्यानं ती विकली. तेव्हा तुम्हाला काही वाटलं नाही?"

या प्रश्नाची तयारी करून घेतली नव्हती. मी खरं तेच सांगितलं. वाईट वाटलं, त्या कलमांना मी लहानपणी पाणी घातलं होतं. पण सही केल्यावर ती त्याची होती, आणि त्याचा पैसा कशात घालायचा हे त्यानं ठरवायचं.

हक्कसोड लिहून देणाऱ्या सगळ्याच बहिणी खुशीनं देतात असं मी म्हणणार नाही. डोळ्यांत पाणी घेऊन सही करणाऱ्या मी पाहिल्या आहेत, आणि त्या पद्धतीची मला चीड आहे. म्हणूनच माझी सही माझ्या मर्जीची होती हे शपथेवर सांगताना मी एकेक शब्द तोलून बोलले.

न्यायाधीशांनी एकच विचारलं: पट्ट्यांच्या मूळ प्रती कुठे आहेत? समोरच होत्या. मी तार उचलून कॅमेऱ्यापुढे धरली, आणि त्यांनी नावावरून, तारखेवरून दोन-तीन पट्ट्या फाइलीतल्या प्रतींशी ताडून पाहिल्या.

दुसऱ्या दिवशी भाऊ, दोन कामगार आणि तिथल्या हिशेबनीसाची साक्ष झाली. सरकारच्या बाजूनं साक्षीदार कुणीच नव्हता, फक्त नकारपत्र. निकाल लेखी आला, काही आठवड्यांनी. अर्जातली माहिती खोटी असल्याचं सरकारनं सिद्ध केलेलं नाही, पैशाचा माग सलग आहे, नोकऱ्या वाजवी काळात निर्माण झाल्या आहेत. सबब आय-८२९ मंजूर, अटी काढल्या, कारवाई समाप्त. अपिलासाठी सरकारला ३० दिवस होते. तो महिना आम्ही कसा काढला ते लिहीत नाही. अपील झालं नाही.

आता भाऊ नागरिकत्वाच्या अर्जाची तयारी करतो आहे. सशर्त कार्डाची वर्षंही त्यासाठीच्या पाच वर्षांत धरली जातात. वकीलबाईंनी सगळ्या कागदांची यादी परत पाठवून मला बजावलं आहे की मूळ प्रती इथंच सांभाळा, मुलाखतीत अधिकारी ही फाइल पुन्हा उघडू शकतो. कसर लागलेल्या पट्ट्यांचं मी स्कॅनिंग करून घेते आहे, आणि राहिलेल्या दोन हंगामांच्या प्रती दलालाच्या मुलाकडून मागवल्या आहेत.